'आला असेल'ची स्पॅनिश

माद्रिदच्या कुठल्याही बारमध्ये बिल मागितलं की वेटर विचारतो, 'के आबेइस तोमादो?' काय काय घेतलंयत? इथे ओवियेदोत गास्कोना नावाचा रस्ता आहे, सिद्रा म्हणजे सफरचंदाची आंबवलेली दारू मिळणाऱ्या दुकानांनी भरलेला. तिथला वेटर बाटली डोक्याच्या वर धरून कमरेपाशी धरलेल्या ग्लासात धार सोडत असतो, आणि बिलाच्या वेळी म्हणतो, 'के तोमास्तेइस?' काय घेतलंत? संपलं.

नोकरीमुळे माद्रिद सोडून स्पेनच्या उत्तरेला, अस्तुरियास प्रांतातल्या ओवियेदोला आले आणि हा फरक कानाला लगेच खटकला. 2023 च्या नोव्हेंबरात डोंगराखालून सुमारे 25 किलोमीटरचा पाखारेसचा बोगदा सुरू झाला, तेव्हापासून दोन्ही शहरं रेल्वेने बरीच जवळ आली. पण क्रियापदं अजून आपापल्या बाजूलाच आहेत. (बोगद्याला उगाच श्रेय नको. बदल त्याच्या माद्रिदकडच्या बाजूला, लिओनपासूनच ऐकू येतो.)

पुण्यात स्पॅनिश शिकणाऱ्या माझ्या मामेबहिणीचा या काळांवरून रोज एक व्हॉइस मेसेज येतो, म्हणून हे सविस्तर लिहिते. शिकवणारे इंग्रजीच्या आधाराने शिकवतात. माझं स्पष्ट मत आहे की मराठी माणसाने इथे इंग्रजीचा वळसा घेऊच नये.

'आबेइस तोमादो'सारख्या काळांची रचना साधी आहे. 'आबेर' हे सहायक क्रियापद कर्त्यानुसार चालवायचं: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. त्यापुढे मुख्य क्रियापदाचं भूतकृदंत, म्हणजे 'केलं', 'पाहिलं'सारखं रूप. शेवटी '-आर' असेल तर '-आदो', '-एर' किंवा '-ईर' असेल तर '-इदो'. आब्लार, आब्लादो, कोमेर, कोमिदो. 'ए कोमिदो', मी जेवलेय. या दोघांच्या मध्ये काही घुसवायचं नाही. नकार, सर्वनाम, सगळं आधी: 'नो लो ए बिस्तो', मी त्याला पाहिलेलं नाही. पाठ करावी लागतात ती अनियमित रूपं. एचो, दीचो, बिस्तो, एस्क्रितो, पुएस्तो, रोतो, मुएर्तो. पण 'करणे'चं 'करलं' न होता 'केलं' होतं, 'म्हणणे'चं 'म्हटलं', 'मरणे'चं 'मेलं', हे आपण कधी पाठ केलं? दोन्ही भाषांत रोज तोंडात असणारी क्रियापदंच वाकडी झाली आहेत.

सहायक क्रियापद बदललं की काळ बदलतो, कृदंत जिथल्या तिथे. इथेच मराठी उपयोगी पडते. 'या आब्रा येगादो' म्हणजे 'एव्हाना पोचला असेल'. व्याकरणात याला भविष्यकाळ म्हणतात, पण स्पेनमध्ये तो बहुतेक वेळा अंदाज बांधायला वापरतात, अगदी आपल्या 'असेल'सारखा. इंग्रजीतून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो, आपल्याला ते आधीपासून येतं. तेच 'असतं'चं. 'सि लो उबिएरा साबिदो, आब्रीआ बेनिदो': माहीत असतं, तर आले असते. पाठ्यपुस्तकं दोन्ही भागांना वेगळी रूपं देतात. पण दुसऱ्या भागातही 'उबिएरा बेनिदो' म्हटलेलं स्पॅनिश अकादमीला चालतं. म्हणजे मराठीसारखं दोन्हीकडे 'असतं'. बहिणीला सांगितलं की हे घट्ट धर.

दुसरा दिलासा लिंगाचा. निबंध लिहिला आहे, चिठ्ठी लिहिली आहे, पत्र लिहिलं आहे; स्पॅनिशमध्ये तिन्हींना 'ए एस्क्रितो'. बोलणारी बाई असो की बुवा, 'गेलेय' असो की 'गेलोय', 'ए इदो'. 'आबेर'चं मूळ लॅटिनमध्ये 'जवळ असणे' असं होतं, आणि जुन्या स्पॅनिशमध्ये कृदंत कर्मानुसार बदलायचं सुद्धा, आपल्यासारखं. 'जाणे', 'येणे' यांना तर तेव्हा 'आबेर' न लावता 'असणे' अर्थाचं 'सेर' लावत आणि कृदंत कर्त्याप्रमाणे चाले: तो आला आहे, ती आली आहे. पुढे हे सगळं गोठलं. आंतोनिओ दे नेब्रिखाने 1492 मध्ये सालामांकात स्पॅनिशचं व्याकरण छापलं, तेव्हा या न बदलणाऱ्या रूपासाठी त्याला शब्दांची एक स्वतंत्र जातच मानावी लागली. जुनी सवय 'तेनेर' ('जवळ असणे') या क्रियापदापाशी मात्र शिल्लक आहे. 'तेंगो एस्क्रितास दोस कार्तास', माझी दोन पत्रं लिहून झालीत. इथे 'एस्क्रितास' पत्रांप्रमाणे बदलतं.

धोका आहे तो 'होतं'मध्ये. आपण सहज म्हणतो, 'काल मंडईत गेले होते.' गोष्ट तिथेच संपते. याचं शब्दशः 'आयेर आबीआ इदो' केलं तर स्पॅनिश माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत राहतो: गेली होतीस, आणि मग काय झालं? त्यांचा 'आबीआ' फक्त आधीच्याही आधीचं सांगायला. 'क्वांदो येगे, एल त्रेन या आबीआ सालिदो': मी पोचले तेव्हा गाडी सुटलेली होती. नुसतं काल मंडईत गेलात तर 'आयेर फुई'. हिंदी बोलणारेही याच खड्ड्यात पडतात.

आणि आता मूळ मुद्दा. माद्रिदमध्ये आज घडलेलं बहुतेक सगळं 'ए' लावून सांगतात: आज न्याहारी केलीय, आज सकाळी बस चुकलीय. रात्री झोप लागली नसेल तर दुसऱ्या दिवशी 'एस्ता नोचे ए दोर्मिदो माल' (या रात्री नीट झोपलेले नाही), कारण ती रात्र अजून आजच्या खात्यात असते. कालचं झालं की साधा भूतकाळ. दिवसाचा हिशेब सोडून भावनेवर चालणारा वापरही आहे. व्याकरणकार दाखवतात की वडील तीन वर्षांपूर्वी गेले हे 'मुरिओ' म्हणून सांगता येतं आणि 'आ मुएर्तो' म्हणूनही. दुसऱ्यात ते जाणं बोलणाऱ्याला अजून भिडलेलं असतं.

ओवियेदोत हा हिशेब नाही, कारण इथली जुनी अस्तुरियन भाषा. तिच्यात 'आबेर' लावून होणारा असा काळ परंपरेने नाहीच, शेजारच्या गालिसियन भाषेतही नाही. त्यामुळे इथले लोक स्पॅनिश बोलतानाही 'ओय देसायुने' म्हणतात, आज न्याहारी केली. दक्षिण अमेरिकेत आणि मेक्सिकोतही बरेच लोक असंच बोलतात. आपण तरी 'आज पोहे खाल्ले' म्हणतो ना, दर वेळी 'खाल्ले आहेत' कुठे म्हणतो? मराठी जिभेला ओवियेदोच सोपं जातं, निदान मला तरी.

ऑफिसात एक बोलिव्हियाची सहकारी आहे. तिने परवा माझा श्रीखंडाचा डबा उघडून चमचाभर तोंडात टाकलं आणि म्हणाली, 'आबीआ सिदो दुल्से!' माद्रिदचा माणूस याचा अर्थ 'पूर्वी गोड होतं' असा लावेल. अँडीजच्या डोंगराळ भागात हाच काळ अचानक लागलेल्या शोधासाठी वापरतात: अगं, हे तर गोड निघालं! ओवियेदोचे दोघं तिच्याकडे बघत राहिले. मी तिला दुसरा चमचा वाढला.

बहिणीसाठी एवढंच: परीक्षेत कुठल्याही देशाची प्रमाण बोली चालते, फक्त एकीला धरून राहा. अर्धं उत्तर माद्रिदचं आणि अर्धं मेक्सिकोचं नको. आणि ऐकताना '-आदो'चा 'द' शोधत बसू नकोस, स्पेनमध्ये बोलण्यात तो बऱ्याचदा गळतो, 'तेर्मिनादो'चं 'तेर्मिनाओ' होतं. शुद्ध बोलायच्या नादात काही लोक मग 'बाकालाओ' या बिचाऱ्या माशालाही 'बाकालादो' करून टाकतात.