भरीव बैल

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिही, असा निरोप आला आणि मला आधी आठवला तो आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, फुटलेला मातीचा बैल. माझाच होता. साल १९८८, आठवीचा वर्ग, कार्यानुभवाचा तास.

आपण पेण तालुक्यातले, शाडू घरोघरी ओळखीचा. पण चित्रकलेच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं, "शाडू वाळवायचा, रंगवायचा, बुडवायचा. भाजायची माती वेगळी." मग कुंभारवाड्यातून पाट्या भरून माती आली. ती मळण्यातच आठवडा गेला. तारेने गोळा कापायचा, कापावर हवेचं भोक दिसलं की पुन्हा आपटायचा. आम्हाला ती शिक्षाच वाटे. नंतर अंगठ्याने दाबून वाटी, वळ्या रचून बरणी. कान-शेपूट जोडायचं तर दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावायचा. नुसत्या पाण्यावर चिकटवलेले कान वाळता वाळता गळून पडत.

बैल मी भरीव केला. सरांनी पोट कोरायला सांगितलं होतं, भिंत बोटभर ठेवून. एवढा देखणा बैल उलटा करून कोण कोरणार? वरून खडखडीत वाळला होता, आत ओल तशीच. आव्याला ताव चढला, ओलीची वाफ झाली आणि वाफेला बाहेर पडायला वाट नव्हती. दुसऱ्या दिवशी आवा उकलला तर बैलाचे तुकडे, आणि शेजारच्या तीन पणत्यांचाही कपाळमोक्ष. त्या पणत्या जिच्या होत्या ती दहावीपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही.

त्या वर्षी सहल गेली सासवण्याला, नानासाहेब करमरकरांच्या शिल्पालयात. पुण्यातला १९२८ सालचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सगळी पोरं मत्स्यगंधेपुढे, मी मात्र म्हशीपुढे. "एवढा ब्राँझचा घोडा, पण ओततात तो पोकळच," सर म्हणाले, माझ्याकडे बघत.

आज मी डेंटल लॅबमध्ये पोर्सिलीनच्या कॅपा बनवतो. भाजताना त्या आकसतात, म्हणून आधी अंमळ मोठ्याच घडवायच्या. फर्नेसच्या तोंडाशी काही मिनिटं वाळू दिल्याशिवाय आत ढकलायच्या नाहीत. नव्या पोरांना इथे हमखास घाई होते. त्यांना मी बैलाची गोष्ट सांगतो, पणत्यांची गाळतो.

ते तुकडे मी घरी न्यायला मागितले होते. कुंभारकाका म्हणाले, "ते आता माझे." आवा रचला की वरून झाकायला त्यांना खापऱ्या लागत. दिवाळीच्या पणत्यांचा आवा लागला तेव्हा शाळेतून येताना मी वाकून पाहिलं. राख नि पेंढ्याच्या थरावर, खापऱ्यांच्या गर्दीत, माझ्या बैलाचं वशिंड होतं.