राजवाडा ते सराफा, ऐकत ऐकत

इंदुरात ऐकत फिरायचं तर पहिली फेरी सकाळी सव्वासहाची, कृष्णपुरा छत्रीपासून, म्हणजे होळकरांच्या समाधी-स्मारकापासून. रिक्षांची वर्दळ वाढली की बारीक आवाज सगळे बुडतात. इथून राजवाडा एरवी पाच मिनिटांवर, आम्ही वीस लावतो. माणसं सहा, फार तर आठ. एकामागोमाग चालायचं, बोलणं बंद, फोन एरोप्लेन मोडवर. बूट रबरी तळव्याचे. थंडीत नायलॉनचं जर्किन मात्र घरीच ठेवा, बाही अंगाला घासली की तेवढंच ऐकू येतं.

छत्रीच्या पायऱ्यांवर डोळे मिटून पाच मिनिटं बसतो. पहिली दोन वायाच जातात, कारण मन नुसती यादी करतं: कबुतर, घंटा, मोटरसायकल. मग अंतरं कळू लागतात. कबुतर उडताना पंखांची टाळी वाजते, ती डावीकडे. घंटा मागे, बरीच लांब.

पुढे गल्लीत कचरागाडी येते. ती कोपऱ्यामागे असते तोवर गाण्याची चाल कळते, शब्द नाही. वळून समोर आली की शब्द लख्ख. खालच्या पट्टीचे आवाज कोपरा वळून येतात, व्यंजनांचे तीक्ष्ण आवाज भिंतीपाशीच अडतात. कॅनडात संगीतकार मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात अशा ऐकण्याला शिस्त लावली. गावाची ओळख ठरलेल्या आवाजाला त्यांचा शब्द साउंडमार्क. इंदूरचा साउंडमार्क आमच्या मते हीच गाडी, कुणाला आवडो न आवडो.

राजवाड्यापाशी फार रेंगाळत नाही, ते सात मजले डोळ्यांसाठी.

बर्तन बाजार दुकानं उघडल्यावर, अकरानंतर. पितळी तांब्या बोटांवर तोलून टिचकी मारली तर नाद लांबतो. तोच हातात घट्ट धरला की लगेच मरतो. पातळ स्टीलचा डबा नुसता खणकतो. दुकानदाराला आधी विचारा, गिऱ्हाईक समजून भाव सांगत बसतो बिचारा.

सराफ्याची फेरी रात्री. सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं खाली येतात, त्या खडखडाटापासून सुरुवात धरायची. मग तिथेच खाण्याच्या गाड्या लागतात. थंडीत गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईपाशी तीन मिनिटं थांबा. फोडी तेलात पडताच मोठा चरचराट होतो, तो पाण्याची वाफ होण्याचा. पाणी कमी होत गेलं की बुडबुडे विरळ होतात, आवाज बसतो. झारा बहुतेक तेव्हाच आत जातो.

रेकॉर्डिंग करायचं तर एका जागी दोनच मिनिटं, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात. लेव्हल सगळ्यात मोठ्या आवाजाला उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा आणि ऑटो गेन, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद करा. नाहीतर हॉर्न वाजला की ऑटो गेन सगळं दाबतो, मग शांततेत नुसती खरखर वर काढतो. वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी. ती नसेल तर भिंतीच्या आडोशाला उभं राहा, हाताचा आडोसा केलात तर बोटांचीच खसखस येते.