मॉस्को ब्लूच्या माद्या जोडीला तयार

मंडळी, मागच्या नोंदीतली मॉस्को ब्लू गप्पीची, म्हणजे टाकीत पाळायच्या छोट्या निळ्या माशांची, पिल्लं आता मोठी झालीत. लातूरचा मे महिना त्यांनी निभावून नेला याचा मला मनापासून आनंद आहे.

आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, पण गप्पीला तेच मानवतं. खरा प्रश्न उन्हाचा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि माशाला नेमका तेव्हाच जास्त लागतो. टाकी २४ ते २८ अंशांत ठेवायची म्हणून झाकण काढून जाळी टाकली आणि पंख्याचा झोत थेट पाण्यावर सोडला. बाष्पीभवनानं पारा दोन-तीन अंश उतरतो. मात्र पाणी उडतं तेव्हा क्षार मागेच राहतात, म्हणून ही घट मी आरओच्या पाण्यानं भरतो. पाणी बदलताना मात्र बोअरचंच.

खाद्यात आर्टेमियाला, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवांना, तोड नाही. बाटलीत लिटरभर पाणी, २५ ते ३० ग्रॅम खडेमीठ, त्यात आर्टेमियाची अंडी, आणि खाली हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन. साधारण दिवसभरात अंडी फुटतात. मग हवा बंद करून बाटलीच्या तळाशी टॉर्च धरायचा. टरफलं वर तरंगतात, जिवंत आर्टेमिया उजेडाकडे गोळा होतात, ते नळीनं ओढून गोड्या पाण्यात धुवायचे. खाल्ल्यावर काही मिनिटांत पिल्लांची पोटं केशरी होतात. ते बघायला मी रोज टाकीपुढे बसतो.

सगळ्यात महत्त्वाचं, नर-मादी वेळेत वेगळे करणं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून भिंग हातात ठेवा. नराचा पोटाखालचा पर पंख्यासारखा न राहता टोकदार, काडीसारखा होऊ लागतो. मादीचा तसाच राहतो आणि त्याच्याजवळ काळसर डाग दिसतो. जरा शंका आली तरी ते पिल्लू नरांकडे टाका. मादी एकाच मीलनाचं वीर्य कित्येक महिने साठवते, त्यामुळे एक नर नजरेतून सुटला तर पुढच्या वेतांचा बाप कोण हे कळत नाही.

माद्यांना तीन-चार महिने पूर्ण होईपर्यंत मी थांबलो. घाई केली की मादी खुरटते आणि पिल्लंही मोजकीच मिळतात. नर निवडताना कणा सरळ हवा, निळा रंग डोक्यापर्यंत गडद हवा. मॉस्कोचा रंग वाय गुणसूत्रावरून बापाकडून लेकाकडे जातो, तेव्हा नरात तडजोड नको.

उरलेली पिल्लं डासांसाठी शेजारी मागतात, त्यांना घरच्या बंद हौदापुरती देतो. मांजरा नदीत किंवा तळ्यात कुणीही सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आपल्या देशी माशांच्या जागेवर तो हक्क सांगतो.

या आठवड्यात एका नरासोबत तीन माद्या जावा मॉस या पाणशेवाळाच्या टाकीत सोडतोय. साधारण चार आठवड्यांत पहिलं वेत यावं. नांदेड, परभणी, संभाजीनगरकडे कुणाकडे मॉस्कोची वेगळी लाइन, म्हणजे वेगळा वंश, असेल तर सांगा. पुढच्या पिढीला बाहेरचं रक्त लागेल, बदल्यात याच वेतातल्या माद्या देईन.