नव-शापेल: पणजोबांचं नाव शोधायला जाताना

उत्तर फ्रान्समधलं नव-शापेल हे बीट-बटाट्याच्या शेतांमधलं छोटंसं गाव. पहिल्या महायुद्धात इथल्या आघाडीवर पडलेल्या आणि कबर न सापडलेल्या भारतीय सैनिकांचं स्मारक मात्र गावात नाही. ते नैर्ऋत्येला साधारण ८०० मीटरवर, ला बासे-एस्तेर रस्त्यावरच्या चौकात आहे. लिल शहरातून बेथ्युनच्या लोकलने ला बासेला उतरायचं; पुढे पाच-सहा किलोमीटर. टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा, परतीचीसुद्धा. चालत जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जपून: बीट काढणीच्या ट्रॅक्टरांनी रस्ताभर चिखल होतो आणि गाड्या भरधाव असतात.

खरं काम घरीच करायचं असतं. आधी पलटण नक्की करा. ट्रंकेत पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा: गोल रुपेरी पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ‘१९१४ स्टार’ या ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हे सगळं पाठीमागे असतं. मृत सैनिकाच्या घरी पाठवलेली मोठी काशाची चकती असेल तर तिच्यावर नुसतं नाव. तेवढ्यावर माणूस सापडत नाही.

आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. ‘मराठा पलटणीत होते’ म्हणून लोक फ्रान्सला निघतात. पण १०३, ११० आणि ११७ मराठा लढल्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. त्यांचं स्मारक बसऱ्याला. नव-शापेलशी महाराष्ट्राचं थेट नातं आहे ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे तेव्हाच्या ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’चं. २८ ऑक्टोबर १९१४ ला त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या ४७ शीख पलटणीबरोबर जर्मनांच्या ताब्यातल्या नव-शापेल गावात घुसल्या. पूल बांधणारी, खंदक खणणारी ही माणसं पायदळासारखी गल्ल्यांतून लढली आणि कुमक न आल्याने प्रचंड हानी सोसून मागे आली.

मग युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा आणि पॅनेल नंबर, म्हणजे नाव भिंतीच्या कुठल्या भागावर आहे तो क्रमांक, लिहून घ्या. शिंदे ‘सिंदे’ झालेला असतो, पवार ‘पोवार’, चव्हाण ‘चौहान’. आडनाव मुळीच नसण्याचीही शक्यता धरा. म्हणून पलटण, वडलांचं नाव आणि गाव घालून बघा.

वास्तुकार हर्बर्ट बेकरने रचलेलं स्मारकाचं हे गोल आवार १९२७ साली खुलं झालं. मधोमध १५ मीटरचा स्तंभ, पायथ्याशी दोन वाघ. अर्ध्या वर्तुळात दगडी जाळी. नावं उरलेल्या भरीव भिंतीवर, ४,७०० हून जास्त. क्रम पलटणीचा, तिच्यात हुद्द्याचा, त्यामुळे पॅनेल नंबर नसेल तर तासभर सहज जातो. अक्षरं पुसट वाटली तर खडू किंवा पीठ चोळू नका. मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरला की फोटोत स्पष्ट उठतात.

पाणी आणि डबा बरोबर ठेवा. जेवणासाठी गावावर विसंबू नका. नांगरटीत वर आलेलं गंजकं लोखंड बांधावर दिसलं तर हात लावू नका. त्यातले काही महायुद्धातले न फुटलेले तोफगोळे असतात, ते अजूनही फुटू शकतात.