आब्लो की आब्ला?

म्हापशात मी संध्याकाळी स्पॅनिश शिकवते. येणारी मुलं बहुतेक हॉटेलांत कामाला, काहींना बोटीवर जायचंय. तिसऱ्या आठवड्यात क्रियापदं सुरू केली. स्पॅनिशचं मूळ क्रियापद 'आर', 'एर' किंवा 'ईर' यांपैकी एका शेपटीनं संपतं: आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, बिबीर म्हणजे राहणं. ती शेपटी काढायची आणि कर्त्याप्रमाणे दुसरी लावायची. आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान.

पेडण्याहून येणारी एक मुलगी, वर्गातली सगळ्यांत मेहनती, दर वेळी 'यो आब्ला' म्हणत होती. यो म्हणजे मी, मग आब्लो हवं. चार वेळा सुधारलं. पाचव्यांदाही तेच आलं तेव्हा मी जरा चढ्या आवाजात विचारलं, "अगं, फळ्यावर काय लिहिलंय?"

ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी मुलगी ना? निन्यो मुलगा, निन्या मुलगी, असं तुम्हीच सांगितलंत. मग आब्लो म्हणजे बोलतो आणि आब्ला म्हणजे बोलते."

मी खडू खाली ठेवला. तिच्या चुकीत केवढा विचार होता! मराठी वर्तमानकाळात लिंग दिसतं, मी बोलतो, मी बोलते. स्पॅनिश नामांत 'ओ' आणि 'आ' बहुधा पुल्लिंग-स्त्रीलिंग दाखवतात. तिनं दोन्ही नियम नीट जोडले होते. पण स्पॅनिश क्रियापदाची शेपटी बोलणारा कोण, एक की अनेक, एवढंच सांगते; बाई की पुरुष, हे सांगत नाही. आब्लो, कोमो, बिबो यांतला 'ओ' म्हणजे निव्वळ 'मी'. म्हणून तर 'यो' गाळला तरी चालतो.

एवढं सांगूनही तिच्या कपाळावरची आठी जाईना. मग सुचलं.

"घरी काय बोलता?"

"कोंकणी."

"मग 'मी बोलते' कोंकणीत म्हण."

"हांव उलयतां."

"आणि तुझा भाऊ?"

"तोय 'हांव उलयतां' म्हणता..." आणि ती थांबली. मागच्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं "ओ हो!" केलं.

इतकी वर्षं मी इंग्रजीच्या तक्त्यावरून शिकवत आले होते, आणि किल्ली या मुलांच्या घरातच होती. याचं मला अजून वाईट वाटतं.

तिचा 'आब्ला'ही वाया गेला नाही. तो, ती आणि आदरार्थी 'उस्तेद' यांना तेच रूप लागतं. आपण समोरच्यालाच "साहेब काय घेणार?" विचारतो, तसं उस्तेदचं क्रियापद तृतीयपुरुषी. हॉटेलात पाहुण्यांशी बोलताना मुलांना ते पहिल्याच दिवशी लागेल, म्हणून त्यावर अर्धा तास घालवला. सोय आणि एस्तोय (दोन्ही म्हणजे 'मी आहे'), बोय ('मी जाते' किंवा 'जातो') ही शेवटी नुसता 'ओ' न मानणारी मोजकी रूपं शेवटी पाठ करायला दिली.

वही मिटताना तिनं विचारलं, "मग 'मी दमलेय' म्हणताना? तिथं एस्तोय, पण दमलेला हे तर विशेषण ना?"

"तूच सांग."

"एस्तोय कान्सादा," ती म्हणाली. शेवटचा 'आ' तिनं मुद्दाम लांबवला.