राणीसाठी दिलेले हस्तिदंत

परवा शेजारच्या आजींसमोर माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं, ते अजून बोचतंय. "तुमच्या राजाने वर्षाला दोन हजार पौंडांवर सगळं राज्य इंग्रजांच्या कंपनीला देऊन टाकलं ना?" आजी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला. "दिलं नाही. त्याने इंग्लंडच्या राणीला बोलावलं होतं. आली कंपनी."

मोंगूला येऊन दीड वर्ष झालं. सरकारदरबारी हा झांबियाचा पश्चिम प्रांत, पण इथल्या लोझी माणसांसाठी हे बारोत्सेलँडच. आजींचं ऐकून मी वाचायला बसले आणि चिडत गेले.

राजा लेवानिका. दक्षिणेकडून मटाबेले या लढाऊ जमातीच्या धाडींची भीती आणि घरात भाऊबंदकी. १८८४ मध्ये त्याला गादीवरून हाकललंही होतं, वर्षभराने परतला. शेजारच्या खामा राजाला इंग्लंडच्या राणीचं संरक्षण मिळालं, तसंच याला हवं होतं. १८९० च्या जूनमध्ये लॉकनर नावाचा माणूस करार घेऊन आला. तो सेसिल ऱ्होड्स या इंग्रज खाणमालकाच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीचा, पण आपण राणीच्या वतीने आलोय असंच त्याने भासवलं. खाणींचे आणि व्यापाराचे हक्क गेले. लेवानिकाने राणीला भेट म्हणून दोन प्रचंड हस्तिदंत त्याच्याजवळ दिले. ते राणीला मिळालेच नाहीत. लंडनमध्ये कंपनीच्या संचालकांच्या बैठकीच्या खोलीत शोभेला लागले!

मला हे हस्तिदंतच सहन होत नाहीत. जमीन, खाणी यांवर सगळे साम्राज्यवाले टपलेले असतात, ते कळतं. पण एका राजाने दुसऱ्या गादीला मानाने पाठवलेली भेट वाटेतच खिशात घालायची? फसवलं गेल्याचं कळल्यावर लेवानिकाने लंडनला निषेधाचं पत्र धाडलं. कंपनीचा अधिकारी इथे राहायला आला तो थेट १८९७ मध्ये. तोवर कबूल केलेले पैसेही आले नव्हते.

आणि मी कुठल्या तोंडाने बोलले? १८०२ मध्ये वसईला दुसऱ्या बाजीरावाने होळकरांच्या धाकाने अशाच एका कंपनीची, ईस्ट इंडिया कंपनीची, फौज पदरात घेतली होती. पण आपण नंतर लढलो तरी, असई, अडगाव, खडकी, कोरेगाव, हे मी आजींना जरा ताठ मानेनेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर माझ्याच लक्षात आलं: लढून आपली पेशवाई गेली, आणि यांचा राजा, लितुंगा, आजही आहे. झांबेझी नदीला पूर आला की काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या नालिक्वांडा नावेतून तो लेआलुईहून उंचावरच्या लिमुलुंगाला जातो, शंभरावर वल्हेकरी जिवाची बाजी लावल्यासारखे वल्ही मारतात. बारोत्सेलँडच्या स्वायत्ततेचा १९६४ चा करार १९६९ मध्ये रद्द झाला, त्याची सल मात्र इथे घरोघरी आहे.

काल मोंगूच्याच वासाच्या तांदळाचा भात आणि वरण घेऊन आजींकडे गेले. माफी मागितली. "निटुमेझी," म्हणजे धन्यवाद, म्हणत त्यांनी डबा घेतला. थोड्या वेळाने विचारलं, "तुमच्या त्या राजाला पुढे कुठे ठेवलं?"

"गंगेकाठी, बिठूरला. आठ लाखांची पेन्शन देऊन."

"घरापासून किती लांब?"

"खूप," मी म्हटलं. "परत नाही आला."

आजींनी दोन्ही तळहात एकमेकांवर हलकेच वाजवले, इथे आदराने वाजवतात तसे.