आमच्या साइटवर चोरण्यासारखं आहे तरी काय?

चार-पाच पानांची वेबसाइट, एक संपर्काचा फॉर्म, थोडे फोटो. एवढ्याशा साइटच्या मागे हॅकर कशाला लागेल? सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला हा प्रश्न हटकून येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: तुमच्या मागे कोणी लागत नाही. तिथंच तर गोची आहे.

नवा सर्व्हर चालू करा, पत्ता कोणालाही देऊ नका आणि दुसऱ्या दिवशी लॉग, म्हणजे सर्व्हरवरची येण्याजाण्याची नोंदवही, उघडा. कोणीतरी ‘रूट’ नावानं पासवर्ड लावून बघतंय, मग ‘अ‍ॅडमिन’, मग ‘टेस्ट’. सर्व्हरवर वर्डप्रेस (वेबसाइट चालवायचं लोकप्रिय सॉफ्टवेअर) नाही, तरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागितलं जातंय. हा माणूस नसतो, बॉट असतो, आपोआप चालणारा प्रोग्रॅम. इंटरनेटवरच्या मशीनना आकड्यांचे पत्ते असतात; त्यातल्या आयपीव्ही४ या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. एका मशीनवरून, एका पोर्टसाठी (पोर्ट म्हणजे मशीनचं एक दार), ते सगळे पाऊण तासाच्या आत चाळता येतात हे झेडमॅप नावाच्या टूलनं २०१३ मध्येच दाखवलं. मग घर कोणाचं हे बघतो कोण? दिसेल ती कडी हलवायची.

चोरायचं काय म्हणाल, तर तुमचा सर्व्हर आणि तुमचं नाव. एका संस्थेच्या साइटचं नाव गूगलवर टाकलं की खाली भलत्याच औषधांच्या जाहिराती दिसायच्या. साइट उघडली तर सगळं जागच्या जागी. घुसलेला कोड गूगलच्या बॉटला एक पान दाखवत होता, मालकांना दुसरं. शोधता शोधता फोटोंच्या अपलोड फोल्डरमध्ये एक पीएचपी फाइल, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, सापडली. फोटोंमध्ये पीएचपीचं काय काम? आत एकच लांबलचक, वाचता न येणारी ओळ. वेब शेल, म्हणजे हल्लेखोराला ब्राउझरमधून सर्व्हर चालवू देणारं चोरदार. ती फाइल आली होती साइटच्या एका जुन्या प्लगइनमधून, म्हणजे वरून जोडलेल्या सॉफ्टवेअरमधून. “ते तर आम्ही कधीच बंद केलंय,” संस्थेचे लोक म्हणाले. खरंच केलं होतं. पण नुसत्या बंद (डीअ‍ॅक्टिव्हेट) केलेल्या प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात आणि थेट पत्ता टाकला की त्यातल्या काही चालतातही. नको असेल ते डिलीटच करायचं. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर, आणि त्यातही तीच फाइल!

म्हणून मी आधी अपडेटबद्दल विचारते, महागड्या फायरवॉलबद्दल नंतर. इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अमेरिकी कंपनीचं २०१७ सालचं प्रकरण घ्या. ती वापरत असलेल्या अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, मार्चमध्ये आला होता. तो त्यांच्या एका पोर्टलवर लागला नाही, मेपासून हल्लेखोर आत वावरत राहिले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. पॅच फुकट होता.

बाकी कामं कंटाळवाणी आहेत. एसएसएचला (दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीला) पासवर्ड नको, ‘की’, म्हणजे किल्लीसारखी फाइल, वापरा. अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी चालू देऊ नका. बॅकअप दुसरीकडे ठेवा, आणि तो एकदा तरी परत लावून बघा. न तपासलेल्या बॅकअपवर माझा काडीचा विश्वास नाही. काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं ते कुलूप? ते फक्त वाटेवरची माहिती झाकतं. सर्व्हरवर ठाण मांडून बसलेल्याला त्याचं काही सोयरसुतक नाही.

त्या संस्थेची साइट आम्ही कोऱ्या सर्व्हरवर नव्यानं उभी केली. लॉगमध्ये त्या जुन्या प्लगइनच्या फाइलची विचारणा अजून दिसते. उत्तर जातं, ४०४: असं पान इथे नाही.